मोटारीची गळती

मोटारीचा कुठलाही सुटा तुकडा माझ्या हातात द्या. तो कुठं बसत होता आणि कुणाला घासत होता, ते मी सांगते. हसू नका. लाल आलवणातली, डोकं भादरलेली बाई असं बोलायला लागली की माणसं आधी एकमेकांकडे बघतात आणि मग माझ्याकडे कीव आल्यासारखी बघतात. बघोत बापडी. त्या तुकड्यांच्या संगतीत माझा संसार झाला आणि एका तुकड्यानं तो संपवला, तेव्हा एवढं बोलायचा हक्क मला आहे.

काशीत मंगळागौरीच्या गल्लीत आमचं घर. सासरे वैदिक, त्यांना मी मामंजी म्हणायची. पंचगंगेपासून भोसले घाटापर्यंत कुठल्याही मराठी घरात रुद्र म्हणायचा असला की पहिलं बोलावणं त्यांना यायचं. मुलगा एकच, म्हणजे माझे यजमान. नाव घ्यायची रीत नव्हती म्हणून तेव्हा 'हे' म्हणायची. आता म्हातारपणी नाव घ्यावं म्हटलं तरी जीभ वळत नाही, तेव्हा 'हे'च राहू देत. ह्यांना मामंजींनी पाठशाळेत घातलं होतं. रुद्र पाठ झाला आणि स्वारी एक दिवस छावणीत साहेबाची मोटार बघायला म्हणून गेली, ती पुन्हा पाठशाळेकडे फिरकलीच नाही. छावणीतल्या मोटारीच्या कारखान्यात हे राबले, शिकले आणि पुढं एका जमीनदाराकडे मोटार हाकायला लागले. त्या जमीनदाराला सगळे बाबूसाहेब म्हणायचे. वैदिकाचा मुलगा आणि ड्रायव्हर! गल्लीत तोंडं वाकडी झाली. मामंजी ह्यांच्याशी गरजेपुरतं बोलायचे, तेसुद्धा सासूबाईंच्या मार्फत.

तेव्हा तिकडं विलायतेत लढाई चालली होती. इथले गोरे साहेब लढाईवर निघाले की मोटारी येईल त्या भावाला विकून मोकळे व्हायचे. बाबूसाहेबांना मोटारींचा शौक भारी, अक्कल बेताची. त्यांनी मोडक्या मोटारी घेतल्या, त्याही खोललेल्या, पोत्यांत भरलेल्या. कुठल्या देशातल्या, कुठल्या कारखान्यातल्या, काही ठाव नाही. नावाच्या पितळी पट्ट्या कुणीतरी आधीच उचकटून विकून खाल्लेल्या. नवे भाग विलायतेहून येणं बंद. मग हे ती पोती घोड्याच्या एक्क्यात घालून घरी आणायचे आणि मागल्या दारी विहिरीजवळ पसरून बसायचे. हा तुकडा कशाचा, हा कुठल्या मोटारीचा, हे जुळवत दुपार जायची.

लोखंड आणि तेल म्हणजे ओवळं. सासूबाईंनी मागल्या दारी कोळशाची रेघ मारून दिली होती. पोतं तिच्या आत येता कामा नये आणि ह्यांनी विहिरीवर आंघोळ केल्याशिवाय रेघ ओलांडता कामा नये. मी रेघेच्या अलीकडे तांदूळ निवडत बसायची आणि बघायची. पुढं पितळी भाग घासायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. चिंच आणि राख लावून पितळ लख्ख करायला माझ्याइतकं त्या घरात कुणाला येत होतं? आधी देवाची उपकरणी, मग मोटारीची. मध्ये हात धुऊन, बरं का.

"नाव शोधत बसू नकोस," हे म्हणायचे. "झीज बघ. तुकडा जिथं झिजलाय तिथं त्याचा शेजारी होता."

"आणि ज्याला झीजच नाही तो?"

"तो कधी कामाला लागलाच नाही. त्याच्याशी बोलून उपयोग नाही."

"म्हणजे तुमच्या पाठशाळेतल्या पोथ्यांसारखा," मी म्हटलं. हे इतके हसले की सासूबाई बघायला आल्या.

एकदा एक वाकडा दांडा ह्यांनी ब्रेकचा ठरवला. मी म्हटलं, पायाखालचा असता तर जोड्यानं घासून चकाकला असता, हा तर हाताच्या घामानं काळा पडलाय. दांडा हातानं ओढायचाच निघाला. त्या दिवसापासून कुणी जवळ नसलं की हे मला उस्ताद म्हणायचे. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू? बायकोला प्रेमानं हाक मारायची सोय त्या घरात नव्हती, ती ह्यांनी अशी काढली.

मग एका पोत्यात ते पितळेचं दुमजली भांडं निघालं. खालच्या डब्यात कार्बाइडचे खडे घालायचे, वरच्यात पाणी. वरच्याच्या बुडाला बारीक भोक. त्यातून पाणी थेंब थेंब खड्यांवर पडायचं, गॅस व्हायचा, तो नळीतून मोटारीच्या पुढच्या दिव्यांत जायचा आणि दिवे पेटायचे. ह्यांनी विहिरीपाशीच तो करून बघितला. आता कार्बाइडच्या गॅसला वास कसला येतो, तर सडक्या लसणाचा. आणि दिवस चातुर्मासाचे! सासूबाई स्वयंपाकघरातून तीरासारख्या आल्या.

"लसूण कुणी आणला? सांग आधी, लसूण कुणी आणला माझ्या घरात?"

हे हसताहेत, मी पदर तोंडात कोंबलाय, सासूबाई तुळशीवृंदावनामागं लसूण शोधताहेत, एवढ्यात मामंजी घाटावरून संध्या करून आले. ह्यांना त्या भरात काय सुचलं कोण जाणे. वरचं भांडं त्यांनी उचलून मामंजींना दाखवलं. थेंब गळत होता.

"आप्पा, बघा. मोटारीलासुद्धा गळती लागते."

शंकराच्या पिंडीवर बुडाला भोक पाडलेलं भांडं टांगतात आणि त्यातून अभिषेकाचं पाणी थेंब थेंब पडत राहतं, ती गळती. आम्हां काशीकरांना लहानपणापासून डोळ्यांसमोर असते. मामंजींचा चेहरा उतरला. "जिथं महादेवाचं नाव घ्यायचं तिथं तेलाचे हात घालू नकोस," एवढंच ते म्हणाले, आणि त्यानंतर गरजेपुरतं बोलणंही त्यांनी सोडलं. पण नाव बसायचं ते बसलं. आम्ही दोघं त्या भांड्याला गळतीच म्हणायला लागलो.

तिचं भोक झिजून मोठं झालं होतं. पाणी धार लागून पडायचं आणि दिवे भडकायचे. गंजणार नाही आणि ठोकता येईल असं काहीतरी बुच म्हणून हवं होतं. माझ्या पायातल्या जोडव्याला नेमकी तेव्हाच चीर गेली होती. दोन्ही काढून मी नवी घातली होती. फुटकं होतं ते मी ह्यांच्यापुढं ठेवलं.

"सवाष्णीचं जोडवं मोटारीत? आईला कळलं तर मला ह्याच विहिरीत ढकलेल."

"कळायला तुम्ही सांगणार आहात का मी?"

ह्यांनी ते तापवून, ठोकून भोकात बसवलं आणि माझी शिवणाची सुई घेऊन त्या रुप्यात नवं भोक पाडलं. पिवळ्या पितळेत पांढरा टिकला. थेंब असा नेमका पडायला लागला की मोजून घ्यावा. जोडीतलं दुसरं, धड जोडवं माझ्या डबीत राहिलं.

भाद्रपदात गंगा चढली होती. गंगेवरचा तरंगत्या पिप्यांचा पूल पावसाळ्यात काढून ठेवतात, आणि गळती बसवलेली ती मोटार होती गंगेपलीकडे, बाबूसाहेबांच्या मेहुण्याकडे. कुणा गोऱ्या साहेबाला फिरवायचं म्हणून बाबूसाहेबांना ती लगोलग अलीकडे हवी होती. पाणी उतरेपर्यंत थांबा म्हणून ह्यांनी सांगून बघितलं. बाबूसाहेब म्हणाले, दोन नावा जोडून फळ्या टाक आणि घेऊन ये. सकाळी निघताना सासूबाईंनी ह्यांच्या हातावर दही घातलं. मला हे म्हणाले, "तिचा ब्रेक धड नाही गं. नावेवर घसरेल. पण सांगायचं कुणाला?" आणि गेले.

हेही आले नाहीत आणि मोटारही आली नाही.

आम्ही घाटोघाट विचारलं. मल्लाह, म्हणजे नावाडी, कानावर हात ठेवायचे. मोटार? कुठली मोटार? आमच्याकडे मोटार आलीच नाही. मेहुण्याकडचे म्हणाले, इथून तर घेऊन गेला. मग बाबूसाहेबांनी कोतवालीत फिर्याद दिली की ड्रायव्हर मोटार विकून पळाला. शिपाई बूट घालून आमच्या घरात आले, देवघरात आले. सासूबाईंच्या सोवळ्याच्या चुलीत त्यांनी काठी घालून बघितलं. मोटार चुलीत लपवलीय असं वाटलं असेल मेल्यांना! गल्लीतली सगळी दारं अर्धी उघडी होती आणि प्रत्येक दारात कुणी ना कुणी उभं होतं.

तेव्हापासून मी कशावर उभी होते ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. हे मोटार घेऊन पळाले असतील, तर चोर होते, पण जिवंत होते आणि मी सवाष्ण होते. हे बुडाले असतील, तर चोर नव्हते, पण मी विधवा होते, आणि आमच्या घरात विधवा म्हणजे न्हाव्यापुढं बसायचं. दोन्हींतलं काय खरं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची आणि मग पळसाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, असं शास्त्र सांगतं. तोवर माझे केस माझ्या डोक्यावर होते.

सासूबाईंचं ठरलेलं होतं. त्या रोज सकाळी आपल्या हातानं मला कुंकू लावायच्या आणि माझी पावलं बघायच्या, जोडवी आहेत ना. शेजारणीनं काही टोमणा मारला की म्हणायच्या, "चोर असेना का! आहे ना कुठंतरी? तेवढं पुरे." मामंजींना बोलावणी येईनाशी झाली. चोराच्या बापाच्या तोंडून रुद्र कोण ऐकणार? ते घरातच म्हणायचे, भिंतीकडे तोंड करून. आणि मी? मी ह्यांच्यावर चिडायची. खरंच गेला असाल तर मला सांगून का नाही गेलात, असं मनात भांडायची. पण दुसऱ्या कुणी ह्यांना चोर म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. ज्यानं बाबूसाहेबांचा एक खिळासुद्धा घरात ठेवून घेतला नाही, तो मोटार विकेल?

अशी काही वर्षं गेली. एका श्रावणात गल्लीत बातमी आली की गंगामाईनं महादेवाला गळती पाठवली.

भोसले घाटाच्या वरच्या अंगाला एक लहान देऊळ आहे, पुजारी मराठीच. तिथली तांब्याची जुनी गळती चोरीला गेली होती. उन्हाळ्यात एका मल्लाहानं पितळेचं भांडं आणून दिलं. म्हणाला, गंगेत वाहत आलं. पितळ कधी वाहत येतं का हो? पण एकदा चमत्कार म्हटलं की असलं कुणी विचारत नाही. पुजाऱ्यानं बघितलं तर बुडाला बारीक भोक, दोन बाजूंना साखळी अडकवायला दोन कान. आणखी काय असणार ते? गळतीच. त्यांची चूक तरी कशी म्हणू? काशीतल्या कुठल्याही वैदिकाच्या हातात ते भांडं दिलं असतं तरी तो हेच म्हणाला असता. श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी तिच्याखाली लघुरुद्र करायचा ठरला. अकरा ब्राह्मण हवे होते, दहाच मिळाले, आणि अकरावे म्हणून मामंजींना बोलावणं आलं.

मामंजींनी पेटीतून रेशमी मुकटा काढला, उन्हात टाकला. कितीतरी दिवसांनी त्यांची पाठ ताठ दिसली. जेवताना आपण होऊन म्हणाले, "गंगामाईच्या मनात आलं." सासूबाईंनी त्यांना न विचारता तूप वाढलं.

पहिल्या सोमवारी सासूबाई मला घेऊन शिवामूठ वाहायला त्याच देवळात गेल्या. पिंडीवर मूठभर धान्य वाहायचं असतं, आणि ते सवाष्णींचं व्रत. मी हातात तांदळाची मूठ घेऊन वाकले आणि सवयीनं वर बघितलं.

भांड्याच्या खालच्या काठाला आटे होते. नटाला असतात तसे, फिरवून बसवायचे आटे. देवाच्या भांड्याला आटे कशाला? मग कान बघितले. एक गुळगुळीत झिजलेला, दुसरा कोरा. एका बाजूनंच कशाला तरी घासत होतं हे. थेंब जमत होता. तो पिवळ्या पितळेतून येत नव्हता. पांढऱ्या टिकल्यातून येत होता.

माझी मूठ उघडलीच नाही. मागच्या बाईनं "अगं पुढं हो ना" म्हणून ढकललं तेव्हा तांदूळ सांडले.

घरी आल्यावर दार लावून घेतलं आणि सासूबाईंना सगळं सांगितलं, जोडव्यासकट. मोटार हे विकून गेले असते, तर तिच्या दिव्याचं भांडं गंगेत कसं सापडलं? मोटार गंगेत आहे. आणि हे तिच्याबरोबर होते.

त्या ऐकत होत्या. जोडव्याचं ऐकून रागावतील असं मला वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी माझं तोंड हातानं दाबून धरलं.

"गप्प बस. एक अक्षर बोलू नकोस. भांडी काय, सारखी असतात."

"सासूबाई, रुपं माझं आहे."

"असू दे! त्याला चोर म्हणतात त्यानं माझ्या अंगाला भोकं पडत नाहीत. चोर आहे, पण आहे. तू बोललीस की माझा मुलगा नाही. आणि तू तरी काय राहशील? आरशात बघ जरा." मग त्या माझ्या पायाशी बसल्या आणि माझी जोडवी दोन्ही हातांनी धरून रडायला लागल्या.

तो आठवडा कसा काढला ते माझं मला माहीत. केस विंचरायला बसले की फणी हातात तशीच राहायची. माझे केस गुडघ्यापर्यंत यायचे. मला ते हवे होते, उगाच सती-सावित्रीचा आव कशाला आणू? पण दुसरीकडे हेही होतं की ह्यांना कुणी पाण्याची ओंजळ दिलेली नव्हती. ना पिंड, ना तीळ. आणि आता ह्यांचा बाप ह्यांच्याच भांड्याखाली बसून लोकांच्या कल्याणासाठी रुद्र म्हणणार होता. रविवारी विहिरीवर शेजारीण म्हणाली, "लघुरुद्राला तुझ्या मामंजींना घेतलं म्हणे. बरं झालं हो, मुलाचं पाप तेवढं धुतलं जाईल." तिथंच माझं ठरलं. बादली तशीच विहिरीच्या काठावर सोडून मी घरात आले.

सोमवारी सकाळी मामंजी गंध उगाळत होते. मी त्यांच्याशी समोरून बोलायची नाही, कधीच बोलले नव्हते. पदर पुढं ओढून उंबऱ्याशी बसले आणि डबीतलं धड जोडवं फरशीवर त्यांच्या पुढं सरकवलं.

"ह्याच्या जोडीचं त्या गळतीत आहे. बुडाला पांढरा टिकला आहे, तो बघावा. काठाला आटे आहेत. ह्यांनी विहिरीपाशी आपल्याला दाखवलं होतं, तेच भांडं आहे ते."

सहाणेवरचा हात थांबला.

"सूनबाई, काय बोलतेस ते कळतंय का? माझा मुलगा मेला म्हणतेस."

"हो. आणि चोर नव्हता म्हणते."

"पुढं तुझं काय होईल, ते ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे."

त्यांनी जोडवं उचललं, कनवटीला लावलं आणि निघून गेले. आत सासूबाई फुंकणी हातात धरून चुलीपुढं बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. विस्तव विझून गेला होता.

मी देवळाशी गेले तेव्हा बायका बाहेर पायऱ्यांवर दाटीनं उभ्या होत्या. आत अकरा जण मांडी घालून बसले होते. संकल्प व्हायचा होता. मामंजी उठले. गळतीत पाणी घालताहेत असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी ती साखळीवरून काढली, पाणी ओतून टाकलं, उपडी केली. अंगठा बुडावरून फिरवला. मग आट्यांवरून फिरवला, एकदा, पुन्हा एकदा. मोटारीचं त्यांना काही म्हणता काही कळत नव्हतं, पण एका दुपारी मुलानं हसत पुढं केलेलं भांडं त्यांना आठवलं असणार. कनवटीचं जोडवं काढून त्यांनी रुप्याजवळ धरलं. सगळे बघत होते. पुजारी म्हणाला, "काय झालं? मुहूर्त जातोय."

मामंजींनी भांडं खाली ठेवलं, आपलं आसन गुंडाळलं आणि म्हणाले, "मला सुतक आहे."

वैदिकाच्या तोंडून भर देवळात हा शब्द आला की सगळं जागच्या जागी थांबतं. दोघं जण तर घाईनं मागं सरकले, शिवू नये म्हणून.

"कुणाचं?" पुजाऱ्यानं विचारलं.

"माझ्या मुलाचं."

पायऱ्यांवरच्या सगळ्या बायकांनी वळून माझ्या कपाळाकडे बघितलं. मी मान खाली घातली नाही. का घालू?

तेवढ्यात खालून रडण्याचा आवाज आला. प्रसादासाठी बसलेला तो मल्लाहच होता, भांडं आणून देणारा. मामंजी खाली उतरले आणि त्याच्यापुढं उभे राहिले. तो त्यांच्या पायाशी लोळला. "माई किरिया, हम बहुत कहलीं, भइया उतर जा. ऊ उतरबे ना कइलन." आईची शपथ, आम्ही खूप सांगितलं, भैया उतर. ते उतरलेच नाहीत. मोटार फळ्यांवरून सरकायला लागली तशी हे चढून आत बसले आणि ब्रेकवर पाय दाबून धरला. नाव कलंडली. मल्लाह पोहून निघाले. जमीनदाराची मोटार बुडवली म्हणून फासावर चढवतील ह्या भीतीनं सगळ्यांनी शपथ घेतली की मोटार आलीच नाही. ह्या उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा पलीकडच्या रेतीत मोटारीचं एक अंग उघडं पडलं. ह्या मल्लाहानं हे भांडं काढलं, तांब्यापितळेच्या ठठेरी बाजारात विकायला नेलं आणि विकवेना, म्हणून महादेवाला देऊन टाकलं. मी विचारलं, ह्यांचं काही सापडलं का. त्यानं मान हलवली. नाही.

धड नसलेला ब्रेक, तोही दुसऱ्याच्या मोटारीचा! मला इतका राग आला. अजूनही येतो. सोडायचा होता तो पाय. उडी मारायची होती. बाबूसाहेबांनी त्याच वर्षी नवी मोटार घेतली. कोतवालीत मामंजी जाऊन आले, तिथं कुणीतरी 'ठीक है' म्हटलं. आमच्या दाराशी कुणी आलं नाही.

बारा वर्षं थांबायचं कारण उरलं नव्हतं. संकठा घाटावर पळसाच्या पानांचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ. मामंजींनी अग्नी दिला. बापानं मुलाला. त्यानंतर माझं सगळं काढलं: मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी. सासूबाईंना जवळ बसवलं होतं, त्यांनी बघितलं नाही. न्हावी म्हातारा होता. केस मांडीवर पडायला लागले तेव्हा मी मोठ्यानं रडले. ह्यांच्यासाठी नाही, केसांसाठी. जे झालं ते सांगते आहे.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तू मारलंस त्याला." त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. ताट पुढं ठेवायच्या आणि वळायच्या. मामंजींना बोलावणी पुन्हा सुरू झाली, पण त्यांचा आवाज गेला होता. रुद्र म्हणताना मध्येच थांबायचे आणि दुसरे पुढं न्यायचे.

गळतीचं काय करायचं ह्यावर ब्राह्मणांत पुष्कळ वाद झाला. मोटारीचं भांडं, त्यातून मृताचं. शेवटी ठरलं की पितळ चिंचेनं शुद्ध होतं आणि गंगेत इतके दिवस राहिलेल्या वस्तूला आणखी काय शुद्ध करणार. ती पुन्हा टांगली. दर श्रावणाआधी ती घासायला आमच्याकडे यायला लागली. डोकं भादरल्यावर मी एकदम सोवळी झाले होते ना, देवाचं भांडं घासायला माझ्यासारखी शुद्ध दुसरी कोण! पहिल्या वर्षी मी ती घेऊन विहिरीपाशी बसले. कोळशाची रेघ केव्हाच पुसून गेली होती.

सासूबाई मागल्या दारी आल्या. मला वाटलं, पाणी न्यायला. त्या माझ्या शेजारी बसल्या, माझ्या हातातून भांडं घेतलं, उपडं केलं. अंगठ्यानं ते रुपं चाचपलं. नखानं हलवून बघितलं. हललं नाही.

"घट्ट बसवलंय गं त्यानं," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुझी सगळी काढली. एवढं राहिलं."

त्यांनी भांडं माझ्या मांडीवर ठेवलं आणि चिंचेची वाटी पुढं सरकवली.